आजीला बसवून ठेवू नका

म्हातारं माणूस पडलं की आमच्याकडे निम्मी गल्ली गोळा होते. कोणी तांब्याभर पाणी आणतं, कोणी आंबेहळद उगाळायला बसतं, कोणी मोटारसायकल काढून डॉक्टरकडे पळतं. नशिबाने हाड शाबूत असलं तर दुसऱ्या दिवसापासून बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. हातात बिस्किटाचा पुडा, दोन-चार केळी, आणि उठता उठता प्रत्येकाचा एकच सल्ला: "आता जास्त हिंडायचं न्हाई बरं का आक्का. एका जागी गप बसायचं." सून म्हणते, आम्ही तरी दुसरं काय सांगतोय. मुलगा पुण्याहून फोनवर तेच सांगतो. मग आक्का बसते. पाणी हातात, ताट हातात, गोळ्या हातात. शेजारपाजारी सुनेचं नाव होतं. आणि पाच-सहा महिन्यांनी मोरीतून उठताना आक्का परत पडते. या वेळी खुबा मोडतो.

पहिल्या आणि दुसऱ्या पडण्याच्या मधल्या काळात काय झालं, हे कोणी विचारत नाही. "वय झालं" एवढ्यावर विषय मिटतो. वय तर पाच-सहा महिन्यांनीच वाढलं होतं. मांड्यांतली ताकद मात्र त्याच्या कितीतरी पट उतरली होती, आणि ती उतरवली होती घरच्यांच्या मायेने.

मी उभी हयात माळशिरस तालुक्यातल्या शाळांमधून पी.टी. शिकवली. शिट्टी, कवायत, कबड्डी, खो-खो. निवृत्त झाल्यावर वेळापुरात म्हाताऱ्या माणसांना घेऊन सकाळी व्यायाम सुरू केला, तेव्हा गावाने आधी थट्टा केली. "सर, आता आज्यांची टीम जिल्ह्याला नेणार का?" नेली असती, पण कबड्डीत पाय धरल्यावर आज्या शिव्या देतात. थट्टा सोडा. या कामात जे दिसलं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की म्हातारपणी पडणं हे बहुतेकदा नशिबाचं काम नसतं. पायाचं बळ आणि तोल, या दोन गोष्टी कमवता येतात. सत्तरीतही कमवता येतात. फक्त त्या एकट्याने घरात बसून कमवता येत नाहीत.

आधी बसून राहण्याचं सांगतो. अमेरिकेत २००७ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. आजार नाही, जखम नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. फक्त दहा दिवसांत, फक्त पायांचं. आता आपल्या आक्काचा हिशेब करा. ती आधीच चहा-भाकरीवर जगणारी, डाळ आणि दूध नातवंडांच्या वाटीत ढकलणारी, आणि तिला आपण सहा महिने बसवलंय. वर तिच्या मनात भीती घालून ठेवलीय ती वेगळीच. भ्यालेलं माणूस पाऊल उचलत नाही, फरशीवरून ओढतं. ओढलेलं पाऊल पायपुसण्यात अडकतं. भीतीपायी माणूस पडतं ते असं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल नंबर पडण्याचा. त्यात सर्वाधिक साठीच्या पुढची, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. रस्त्यावर अपघात झाला की पेपरात चौकट येते. मोरीत पडलेल्या बाईची बातमी होत नाही. तिच्या दहाव्याला "तशी तब्येत बरी होती, पण पडल्याचं निमित्त झालं" एवढंच बोललं जातं.

वेळापूर हे तसं धावणाऱ्यांचं गाव. आषाढात माउलींची पालखी माळशिरसहून निघते, वाटेत खुडूसला रिंगण होतं, आणि वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवर आली की वारकरी उतारावरून धावत सुटतात. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. या धावण्यालाच धावा म्हणतात. पी.टी.च्या मास्तराने बघावं असं ते दृश्य असतं. सत्तरीतल्या बायका पदर खोचून, एका हाताने डोक्यावरची तुळस धरून उताराला पळतात. उतारावर पळताना गुडघा वाकवून वेग आवरावा लागतो, शरीर किंचित मागे ठेवावं लागतं. हे मी नववीच्या पोरांना खडूने आकृत्या काढून शिकवायचो. या बायकांना कोणी शिकवलेलं नसतं.

वारीला निघणारी माणसं मुळातच काटक असतात, हे कोणीही म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण आळंदी सोडल्यापासून त्यांनी काय केलेलं असतं तेही बघा. रोज चालणं तर आहेच. त्याशिवाय मुक्कामाला जमिनीवर बसायचं, जमिनीवरून उठायचं, दिवसातून कितीतरी वेळा. पावली खेळायची, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, अर्धं वळण, टाळाच्या ठेक्यावर वजन या पायावरून त्या पायावर. फुगड्या घालायच्या. पायाला बळ आणि शरीराला तोल देणारा याहून चांगला कार्यक्रम मला आखता येणार नाही. आणि दिंडी असते. कोणाचा पाय मुरगळला तर पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, कोपराला धरून कोणीतरी चालवतं. दिंडीत म्हाताऱ्या बाईला कोणी "गप बस" म्हणत नाही. "चला माउली" म्हणतात. तीच बाई वारीहून घरी आली की उरलेले अकरा महिने मुलगा-सून तिला पायरी उतरू देत नाहीत.

आता एक गैरसमज. "सर, मी तर रोज अकलूज रोडला चालून येतो, मला कशाला तुमचा व्यायाम?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चालणं उत्तमच. हृदयाला, साखरेला, झोपेला उत्तम. पण नुसत्या चालण्याने पडणं टळतं, असं म्हणायला भक्कम आधार नाही. जगभरातल्या शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये काढला. त्यात तेवीस हजारांवर वृद्ध होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं, पण तो व्यायाम तोलाचा आणि रोजच्या हालचालींचा होता: उठणं, बसणं, वळणं, पायरी चढणं. त्याला पायाच्या ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तेव्हा घट ३४ टक्क्यांच्या घरात गेली. सपाट डांबरी रस्त्यावर सरळ रेषेत चालताना तोलाची परीक्षा होतच नाही. ती होते रात्री दोन वाजता, लघवीला उठल्यावर, अंधारात, एका हाताने लुगडं सावरत मोरीचा उंबरा ओलांडताना.

म्हणून आमच्याकडे नवीन माणूस आलं की मी त्याला आधी खुर्चीत बसवतो. उठा, दहा फूट चाला, वळा, परत येऊन बसा. मनगटावरच्या घड्याळात बघतो. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर हे माणूस पडण्याच्या वाटेवर आहे, असं डॉक्टर मंडळी मानतात. सेकंद मोजतोच, पण माझं खरं लक्ष वळण्याकडे असतं. सराईत माणूस दोन पावलांत वळतं. तोल गेलेलं माणूस जागच्या जागी सहा-सात बारीक पावलं टाकतं आणि त्या वेळी त्याचे हात नकळत भिंत शोधतात. घरात कोणी असं वळताना दिसलं, तर पुढचं पडणं कधीतरी होणार हे धरून चाला.

मग व्यायाम. लाल प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, मोकळी ठेवली तर मागे सरकते. दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. उठण्याइतकाच सावकाश बसण्यातही मांड्यांचा कस लागतो. बहुतेक जण शेवटच्या वितीला धप्पकन पडतात. ते धप्प थांबलं की समजायचं मांड्या सुधारल्या. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या, मग चवडे. चवडे उचलण्याला लोक हसतात, पण पायपुसण्यात आणि चादरीच्या घडीत न अडकणारा पाय हाच. मग फरशीच्या रेघेवर एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला बोट लावून. मग एका पायावर उभं राहणं, आधी दोन हात धरून, मग एक हात, मग एक बोट, मग जमलं तर काहीच नाही. मग भिंतीकडे तोंड करून बाजूबाजूने चालणं. पायाला वजन बांधायला आम्ही जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या आणि त्यात अर्धा-अर्धा किलो जोंधळा भरला. सोलापूर जिल्ह्यात दुसरं काय भरणार? उंदरांनी आठवड्यात फडशा पाडला. आता वाळू आहे.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना शिकवतो आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वाद होतो: पडल्यावर उठायचं कसं. "सर, अभद्र बोलू नका," असं एक आजी मला म्हणाल्या. पण पडल्यावर कित्येक माणसं लागलेल्या मारापेक्षा तासन्तास थंड फरशीवर पडून राहिल्याने खचतात. हाड मोडलं नसेल, कुठे तीव्र कळ नसेल, तर घाई न करता आधी कुशीवर वळायचं. कोपर आणि हात टेकून रांगण्यासारखं व्हायचं. रांगत बाजेपर्यंत किंवा खुर्चीपर्यंत जायचं. तिच्यावर दोन्ही हात, मग भक्कम पायाचं पाऊल जमिनीवर रोवायचं, मग वर. सतरंजीवर हे आम्ही करून बघतो. पहिल्यांदा जमतं तेव्हा त्या बायकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी शाळेत फक्त पहिल्यांदा उंच उडी मारणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. उठता येतं हे कळलं की भीती निम्मी होते, आणि भीती गेली की पाऊल उचललं जातं. कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर मात्र हलायचं नाही, हाका मारायच्या.

हाका मारायच्या, पण कोणाला? सामाजिक आधाराची गोष्ट इथे येते, आणि माझ्या मते व्यायामाइतकंच वजन तिला आहे. आमच्या भागात नीरेच्या कालव्याने ऊस आणला, कारखान्यांनी पैसा आणला, आणि शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला गेली. वाड्यासारख्या घरात दोन म्हातारी माणसं, किंवा एकटी म्हातारी. मुलगा काळजीवाला असतो. तो घरात कॅमेरा बसवतो आणि हिंजवडीत बसून मोबाइलवर आईला बघतो. कॅमेऱ्यात आई पडलेली दिसते. उचलायला शेजारीच लागतो, आणि शेजाऱ्याशी बांधाच्या कोर्टकचेरीपायी बोलणं बंद असतं.

आमच्या व्यायामाच्या जागी एक साधा नियम आहे. दोन दिवस कोणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी दोघी जणी तिच्या घरी जातात. चौकशीचं निमित्त काहीही, लिंबू मागायला जा. अशा जाण्यातून काय काय कळलं बघा: एकीला रक्तदाबाची गोळी बदलून दिल्यापासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, एकीचा मोतीबिंदू पिकला होता आणि शिबिराला नेणारं कोणी नव्हतं, एक नाना झोपेच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या खात होते. यातलं एकही दुखणं व्यायामाने बरं झालं नसतं, पण व्यायामाला माणसं जमत नसती तर कळलंही नसतं. अंधारीचं, चकरेचं, छातीतल्या दुखण्याचं काही असेल तर आधी डॉक्टर, मग माझी शिट्टी, हे मी रोज बजावतो.

पुरुषांचं त्या मानाने बरं आहे. त्यांना पार आहे, चहाचं हॉटेल आहे, एसटी स्टँडवरचा पेपर आहे. घरातून निघायला कारण लागत नाही. बाईला कारण लागतं. "कुठं चालली सकाळी सकाळी?" या प्रश्नाला "व्यायामाला" हे उत्तर आमच्याकडे सासूबाईंच्या तोंडी शोभत नाही, असं सुना म्हणतात आणि सासवाही. "देवळात" हे उत्तर चालतं. म्हणून माझं म्हणणं, बायकांचा व्यायाम जिथे त्या आधीच जमतात तिथे न्यावा. हरिपाठाला, भजनी मंडळात, बचत गटाच्या बैठकीत. अर्धनारी नटेश्वराच्या देवळात दर्शनाला जाणाऱ्या बायका उंबरा ओलांडताना चौकट धरतात. त्याच बायकांनी हरिपाठानंतर पंधरा मिनिटं पावली खेळली, खांबाला धरून टाचा उचलल्या, तर वेगळी परवानगी कोणाची घ्यायची? जपानमधल्या कोची शहरात २००२ मध्ये असाच वजनं बांधून करायचा व्यायाम सुरू झाला. तो गल्लीतले लोकच मिळून चालवतात, आणि तिथून देशभर पसरला. त्यांच्याकडे मनगटाला बांधायचे पट्टे आहेत, आमच्याकडे वाळूच्या पिशव्या. बाकी फरक नाही.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. करतं, पण वस्तू देतं. गावोगावी ओपन जिम बसल्या आहेत; लोखंडी, हिरव्या-पिवळ्या. दुपारी त्यावर पोरं लोंबकळतात, संध्याकाळी शेळ्या बांधतात. साडीतल्या बाईला त्यावर चढता येत नाही, आणि चढली तरी सांगायला कोणी नसतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची घ्या म्हणून. चांगली योजना. पण काठी किती उंचीची घ्यायची हे कोण सांगणार? हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या रेषेत मूठ यावी, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. गावात बघाल तर निम्म्या काठ्या छातीपर्यंत आलेल्या आणि दुखऱ्या बाजूलाच धरलेल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट झाली. गाडीची पहिली पायरी मात्र आहे तिथेच आहे, कंडक्टर घंटी वाजवून मोकळा, आणि ती पायरी चढायला मांडीत बळ लागतं. ते योजनेत बसत नाही.

त्याहून मला बोचतं ते दुसरंच. आशाताई घरोघरी जाऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न छापलेला आहे: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? म्हणजे दिल्लीत कोणालातरी हे सुचलं, त्याने प्रश्न घातला, तो आमच्या गल्लीपर्यंत पोहोचला, आशाताईने उन्हातान्हात फिरून "होय" वर टिक केली. पुढे काय? त्या "होय" चं उत्तर म्हणून गावात व्यायामाची जागा नाही, शिकवणारं माणूस नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी लागलेल्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्याकडे या टिक केलेल्या नावांची यादी आहे. माझ्याकडे शिट्टी आहे. गावागावात निवृत्त पी.टी. मास्तर आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, वारी करून आलेल्या, पावली जाणणाऱ्या बायका आहेत. यादी आणि माणसं यांची गाठ घालून द्यायला कुठल्या मंत्रालयाची मंजुरी लागते, हे मला कोणी समजावून सांगावं.

घरातल्या सोयींचं थोडक्यात. मोरीत चकचकीत फरशी घालू नका, घातली असेल तर खरखरीत करून घ्या. भिंतीला धरायला दांडी लावा. रात्री बाजेपासून मोरीपर्यंत मिणमिणता का होईना दिवा ठेवा. झिजलेली स्लीपर फेकून द्या, आजी जपून ठेवील, तरी फेका. हे एका दिवसाचं काम आहे आणि ते मुलाने पुढच्या सुट्टीत येऊन करावं. कॅमेऱ्याच्या निम्म्या पैशांत होतं.

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी ठिकठिकाणी आम्हाला शाल, श्रीफळ आणि तासभर भाषणं देतात, आणि सत्कारमूर्तींना स्टेजच्या पायऱ्या चढवायला दोघांनी धरावं लागतं. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, ग्रामसभा असते. तिथे मी अर्ज देणार आहे. मागणी मोठी नाही. समाजमंदिराची किल्ली सकाळी तासभर आमच्याकडे असावी. आतल्या लांब भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप बसवावा, धरून व्यायाम करता येईल असा. भक्कम पायांच्या वीसेक खुर्च्या. आशाताईंच्या यादीत ज्यांच्या नावापुढे टिक आहे त्यांना निरोप जावा, आणि महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रातून कोणी येऊन रक्तदाब बघावा. एका वर्षीच्या शालींच्या पैशांत पाइप नक्की बसतो. वेल्डरला विचारून ठेवलंय. माप दिलं की दोन दिवसांत काम करतो म्हणाला.